पुंजण्यातलं बिऱ्हाड

लग्नानंतर मी ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहायला आले, तेव्हा माझ्या सामानात एक लोखंडी ट्रंक, शिलाई मशीन आणि अब्बांचा जुना कॅमेरा होता. चंद्रपुरात अब्बांचा फोटो स्टुडिओ होता. आम्हा बहिणींपैकी मला एकटीलाच त्या कामाची गोडी लागली, त्यामुळे कॉलेजात असतानाच रोल धुणं, प्रिंट काढणं मला येत होतं. कॅमेरा हातात देताना अब्बा म्हणाले होते, "सासरी कोणी काही म्हणालं तर सांग, बापाची आठवण म्हणून ठेवलाय." कोणी काही म्हणालं नाही. क्वार्टरमध्ये आम्ही दोघंच होतो.

नवरा वीजकेंद्रात बॉयलरवर होता. पाळ्या सारख्या बदलायच्या. तो झोपला असला की मी भांड्याला भांडं लागू द्यायचे नाही. तो उठायचा तेव्हा मी कुठेतरी बाहेर पडलेली असायचे. भांडण कधी झालं नाही. भांडायलाही काही बोलावं लागतं, आणि आमचं बोलणं म्हणजे भाजी, दूध आणि नळाची वेळ. घरात आमची बोली हिंदी, पण हिंदीतही सांगण्यासारखं फार नव्हतं. दोन समजूतदार भाडेकरू एका खोलीत राहतात तसे आम्ही राहत होतो. अम्मी विचारायची, "खूश आहेस ना?" मी हो म्हणायचे. ते अगदी खोटंही नव्हतं.

फोटो काढायला सुरुवात झाली ती चिमणीपासून. आमच्या जिन्याखाली मीटरची पेटी होती. तिचं झाकण तुटलेलं होतं आणि आत एका चिमणीनं घरटं केलं होतं. गवताच्या काड्यांमध्ये माझ्याच मशीनखालचे लाल-हिरवे दोरे लोंबताना दिसले, तेव्हा मला इतकी गंमत वाटली की मी वर जाऊन कॅमेरा घेऊन आले. मग तो नादच लागला. नाल्याकाठच्या बाभळीवरचे सुगरणीचे खोपे. आंब्याची पानं जोडून लाल मुंग्यांनी केलेलं घर. जंगलाच्या कडेची, माझ्याहून उंच वारुळं. एका गुराख्यानं पावसासाठी पळसाच्या पानांनी शाकारलेला, जेमतेम एक माणूस उकिडवा बसेल एवढा आडोसा. कॉलनीतल्या इमारती सगळ्या एका साच्यातल्या, राखेनं एका रंगाच्या झालेल्या. तिथून बाहेर पडून, कोणीतरी स्वतःच्या हातानं किंवा चोचीनं केलेलं घर बघितलं की मला बरं वाटायचं.

लांब जायचं असेल आणि सुटी जुळली, तर नवरा स्कूटरवर घेऊन जायचा. कशाला, किती वेळ, असं काही विचारायचा नाही. मी फोटो काढेपर्यंत स्कूटरला टेकून उभा राहायचा. "झालं?" "झालं." आणि आम्ही परत.

रोल संपला की मी माहेरी जाऊन अब्बांच्या डार्करूममध्ये धुवायचे. त्यातले बरे प्रिंट स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावायचे, आणि त्या भिंतीमुळेच पुढचं सगळं घडलं.

मूल गावच्या रस्त्यानं जंगल ओलांडलं की धानाचा मुलूख लागतो. तिकडच्या एका गावाहून एक बाई एसटीनं यायची आणि टोपली घेऊन आमच्या कॉलनीत फिरायची. उन्हाळ्यात टेंभरं आणि चारं ही रानफळं, हिवाळ्यात वालाच्या शेंगा आणि घरी कांडलेले पोहे. साठीची असेल, काटक होती, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. फिरून दमली की माझ्याकडे पाणी प्यायला बसायची. मी तिला बाई म्हणायचे, ती मला पोरी.

एका हिवाळ्यात पोहे मापता मापता तिची नजर भिंतीवर गेली.

"हे काय होय वं?"

"मीटरच्या पेटीतलं चिमणीचं घरटं."

"आन् हे?"

"वारूळ."

ती उठून एकेका फोटोजवळ गेली, नाक टेकेल इतकं जवळून पाहिलं आणि वळून म्हणाली, "तुले असे घरं पाहाचा नाद हाय, त आमच्या खळ्यात ये ना. आमच्या पुंजण्यात रानमांजर व्याली हाय."

धान कापलं की त्याचे भारे खळ्यात आणून गोल रचतात. लोंब्या आत, बुडखे बाहेर, वर निमुळतं होत गेलेलं, घुमटासारखं. त्याला पुंजणं म्हणतात. चुरण्याची, म्हणजे मळणीची पाळी येईपर्यंत धान त्यात कोरडं राहतं. बाईच्या खळ्यात तीन पुंजणी होती. त्यातल्या जंगलाकडच्या पुंजण्याच्या बुडाशी भारे सरकून भोक पडलं होतं, आणि त्यात मांजरीनं बिऱ्हाड केलं होतं.

"भाऊ काय म्हणतात?" मी विचारलं. भाऊ म्हणजे तिचा नवरा.

"बुढा? बुढा म्हनते, आपल्याले धान चुराचं हाय का मांजर पोसाची हाय?" आणि ती टोपली डोक्यावर घेऊन हसत हसत जिना उतरली.

संध्याकाळी मी नवऱ्याला हे सांगितलं. तो चहा पीत होता. कप खाली ठेवून त्यानं विचारलं, "पिल्लं किती आहेत?" माझ्या फोटोंबद्दल त्यानं विचारलेला तो पहिला प्रश्न असावा.

"ठाऊक नाही."

"रविवारी सुटी आहे मला," तो म्हणाला.

रविवारी थंडी अशी होती की स्कूटरवर माझे हात त्याच्या स्वेटरच्या खिशात होते. जंगल संपलं तशा धानाच्या बांध्या सुरू झाल्या. कापणी झालेली, खुंटांच्या मधून लाखोळीच्या डाळीचे हिरवे कोंब वर आलेले. खळं गावाबाहेर, मोहाच्या झाडांजवळ थोड्या उंचवट्यावर होतं. तीन पुंजणी, जवळ बांधलेले दोन म्हातारे बैल आणि एक खोपडी. बांबूच्या मेढी, तणसाचं, म्हणजे धानाच्या पेंढ्याचं छप्पर, भिंतीही तणसाच्याच. दाराशी चूल. कापणीपासून चुरणं होईपर्यंत ती दोघं गावातलं घर बंद करून या खोपडीतच राहायची, कारण धान उघड्यावर असतं आणि रानडुकरं रोज फेरी मारून जातात.

आम्ही पोचलो तेव्हा दोघांचं जुंपलेलं होतं. आम्हाला पाहून भाऊला हुरूपच आला. उंच, वाकलेला माणूस, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

"बाई, तुमीच सांगा हिले," तो मला म्हणाला. "बुधवारी टॅक्टर येते चुराले. गावात एकच टॅक्टर. आपली पाळी गेली त मंग संक्रांत निंगून जाते."

"दोन पुंजने चुरा ना टॅक्टरनं. कोन नाई म्हनते?" बाई चुलीपासून म्हणाली.

"आन् तिसऱ्याचं?"

"बैलं हायेत ना आपले. तुमच्या बापाच्या वक्ती टॅक्टर होता काय?"

"बैलं बुढे झाले मायासारखे!"

"मंग हळू हळू चुरा."

माझा नवरा मोठ्यानं हसला. मी चमकून त्याच्याकडे पाहिलं. त्याला असं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. भाऊही हसला, आणि बुधवारचा प्रश्न तेवढ्यापुरता मागे पडला.

मी कॅमेरा काढून पुंजण्याकडे निघाले तशी बाईनं माझा हात धरला.

"तिकडं नोको जाऊ. बाळंतीण हाय ते. तिच्या दाराशी जाऊन उभी राह्यशीन काय? खोपडीत बस. ते निंगन तवा निंगन."

तिनं खोपडीच्या भिंतीतलं तणस दोन्ही हातांनी बाजूला करून मला एक झरोका करून दिला. समोर पुंजण्याचं भोक नीट दिसत होतं. मी आत बसले. नवरा बाहेर उभा राहू लागला तर बाईनं त्यालाही आत पिटाळलं. "तू खांबावानी उभा राह्यला त ते येईन काय?" मग तो वाकून आत आला आणि माझ्या शेजारी तणसावर बसला. ती दोघं बैलांना घेऊन तळ्याकडे गेली.

आत ऊब होती. नव्या तणसाला गोडसर वास येतो. बराच वेळ काही हललं नाही. स्कूटरला टेकून उभं राहायची सोय नव्हती, त्यामुळे त्याला माझ्या शेजारीच बसावं लागलं, आणि मोठ्यानं बोलायची सोय नव्हती, म्हणून तो कुजबुजत बोलू लागला.

म्हणाला, "लहानपणी मी अशाच जागेत झोपायचो." त्याच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं. घर एका खोलीचं, माणसं आठ. तो दुकानाच्या माळ्यावर, बांगड्यांच्या खोक्यांमध्ये, खोक्यांतलं गवत अंगाखाली घेऊन झोपायचा. खालून गिऱ्हाइकांचा, आईचा, भावंडांचा आवाज यायचा. "त्या आवाजात मला इतकी गाढ झोप लागायची," तो म्हणाला. "इथे क्वार्टरमध्ये लागत नाही."

"का?"

"फार शांत आहे. तू दिवसभर इतकी गप्प असतेस. मला वाटतं तुला माझ्याकडे करमत नाही."

मी झरोक्यातून डोळा काढला. "तुम्ही झोपलेले असता म्हणून मी गप्प असते. भांडीसुद्धा वाजू देत नाही."

"भांडी?" तो म्हणाला. "वाजव की."

मला हसू आलं आणि ते दाबायला मी ओढणी तोंडात कोंबली. तोही हसू दाबत होता, त्याचे खांदे हलत होते. त्यानंतर आम्ही थांबलोच नाही. बॉयलरसमोरची पहिली पाळी, जेव्हा त्याला नोकरी सोडून पळून जावंसं वाटलं होतं. माझा कॉलेजातला फजितीचा किस्सा. अब्बांची त्याला वाटणारी भीती. लग्नापासून जितकं बोललो नव्हतो तितकं त्या खोपडीत बोललो, तेही सगळं कुजबुजीत.

त्यानंच माझ्या कोपराला हात लावला. "ती बघ."

पुंजण्याच्या भोकात एक तोंड दिसत होतं. मग ती अख्खी बाहेर आली. मातकट करडी, घरच्या मांजरापेक्षा उंच पायांची, कानांच्या टोकाला काळे केस, शेपूट आखूड. तिनं अंग ताणलं, उन्हात बसली आणि एक पंजा चाटू लागली. तिच्या मागे भोकाच्या तोंडाशी तीन पिल्लं आली. बाहेर येण्याचा धीर होत नव्हता. एकानं पाय बाहेर टाकला आणि परत घेतला. मी शटर दाबलं. तिचा एक कान आमच्याकडे वळला, पण ती उठली नाही. मी पुन्हा दाबलं. नवरा श्वास रोखून बसला होता. मी कॅमेरा त्याच्याकडे सरकवला आणि खुणेनं सांगितलं, तुम्ही बघा. त्यानं डोळा लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

बुधवारी ट्रॅक्टर आला आणि दोन पुंजणी चुरून गेला. तिसरं तसंच राहिलं. गावातले लोक भाऊला म्हणे मांजरीचा मामा म्हणून चिडवू लागले. हे आम्हाला पुढच्या खेपेला कळलं. त्या रविवारी खरं तर नवऱ्याची ड्यूटी होती. त्यानं मला न सांगता ती एका सोबत्याशी बदलून घेतली आणि सकाळी म्हणाला, "प्रिंट झालेत ना? त्यांना दाखवून येऊ."

खळ्यात पोचलो तर भाऊ बैल जुंपायच्या तयारीत. चेहरा उजळलेला.

"गेली!" तो लांबूनच ओरडला. "काल सकाळी बिऱ्हाड हलवलं तिनं. एकेक पिल्लू तोंडात धरून गेली."

बाई मात्र रिकाम्या भोकाकडे पाहत होती. "कुठी गेली का मालूम," एवढंच म्हणाली. पण काम पडलं होतं. आम्हीही हात लावला. पुंजणं वरून सोडत आलो तेव्हा बुडाशी मांजरीची खोली उघडी पडली. वाटीसारखी गोल जागा, तणस दाबून दाबून मऊ झालेलं, त्यात तिचे केस आणि तित्तराचं एक पीस. बाईनं भाऊला थांबवलं. मी त्या खोलीचा फोटो काढला, मगच ते भारे खळ्यात पसरले. बैल गोल फिरू लागले. नवऱ्यानं हौसेनं काठी हातात घेतली आणि बैलांच्या मागे फिरू लागला, पण बैल त्याचं ऐकेनात. तो "हो हो" म्हणाला की ते उभे राहायचे. भाऊ पोट धरून हसत होता.

दुपार कलताना तणसाची पहिली गाडी भरून आम्ही सगळेच गावातल्या घरी गेलो. कवेलूच्या छपराचं लहानसं घर, मागे सांदवाडी, म्हणजे परसू, आणि तिथे गुरांचा कोठा. कोठ्याला बांबूचा माळा होता, तणस साठवायला. भाऊ शिडी लावून वर चढला. डोकं माळ्यावर गेलं आणि तो तसाच थांबला. आतून फिस्स् असा आवाज आला. आणखी एकदा आला, जास्त जोरात. भाऊ एकेक पायरी चाचपत, मान न वळवता खाली उतरला.

"काऊन जी?" बाईनं विचारलं.

"इथीच हाय," तो म्हणाला.

"कोन?"

"तुयी बाळंतीण! दुसरी कोन?"

बाई जमिनीवर बसली आणि हसतच राहिली. पदरानं डोळे पुसायची, भाऊकडे पाहायची आणि पुन्हा हसायची. महिनाभर घर बंद, कोठा रिकामा, माळ्यावर गेल्या सालचं तणस. मांजरीनं खळ्यापासून एवढं अंतर तोडून नेमकं यांच्याच घरी बिऱ्हाड आणलं होतं.

"आता हे तणस कुठी ठेवू?" भाऊनं विचारलं.

"आंगनात ठेवा."

"आन् बैलं?"

"चिचेखाली बांधा. लेकरं मोठे होतवरी."

भाऊनं नवऱ्याकडे पाहिलं. "पाहा भाऊ, कोठा तिचा, मानूस उघड्यावर." पण शिडी त्यानं स्वतःच हळूच काढून बाजूला ठेवली आणि कोठ्याचं फाटक ओढून घेतलं. मला म्हणाला, "काढा ना बाई फोटू. आता घरचीच झाली." आत अंधार होता आणि फ्लॅश मला मारायचा नव्हता. मी नको म्हणाले.

ओसरीवर बसून मी त्यांना प्रिंट दाखवले. मांजर, पिल्लं, पुंजणं. बाईनं ते मांडीवर ओळीनं मांडले.

"मांजर आली, पिल्लं आले. आमची खोपडी काऊन नाई काढली?"

"खोपडीत तर मी बसले होते, बाई."

"मंग बाहेर बसून काढ. बुढा उद्या मोडते ते."

म्हणून रिकाम्या गाडीत बसून आम्ही परत खळ्यात गेलो. उजेड उतरत होता, पण पुरेसा होता. बाई खोपडीच्या दाराशी पाय पसरून बसली. भाऊनं टॉवेल झटकून पुन्हा नीट बांधला आणि तिच्या शेजारी उकिडवा बसला. मी कॅमेरा डोळ्याला लावला तर बाई म्हणाली, "थांब." तिनं माझ्या नवऱ्याला हाक मारली. "ये भाऊ, तू बी बस. तू बी राह्यला ना खोपडीत." तो लाजत लाजत जाऊन भाऊच्या बाजूला बसला. केसांत तणसाच्या काड्या, शर्ट धुळीनं माखलेला. मी तिघांचा फोटो काढला.

मांजर होळीच्या सुमारास गेली. बाई टेंभरं घेऊन आली तेव्हा तिनं सांगितलं. पिल्लं मोठी होऊन माळ्यावरून उड्या मारू लागली होती, मग एक दिवस माळा रिकामा. "बुढा रोज शिडी लावून पाहाचा," ती म्हणाली. "मले सांगे, तणस पाहून राह्यलो."

आमच्या क्वार्टरमध्ये भांडी वाजू लागली. पुढे मुलगी झाली आणि ती इतका आवाज करायची की बापाच्या झोपेची चिंताच मिटली. मी फोटो काढत राहिले. सुटीच्या दिवशी आम्ही मुलचेऱ्याकडे जाऊन बंगाली वस्त्यांमधली, मातीच्या उंच जोत्यावरची बांबूची घरं पाहिली. पार सूरजागडच्या पायथ्यापर्यंत जाऊन तिथल्या पाड्यांवरची कुडाची घरं, डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खुराड्यांसकट काढली. नवरा आता स्कूटरला टेकून उभा राहत नसे. घरवाल्यांशी गप्पा मारत आत जाऊन बसायचा आणि मला त्याला शोधून आणावं लागायचं.

काही वर्षांनी भाऊ गेला. बाईचं येणं तेव्हा बंदच झालं होतं, निरोप उशिरा मिळाला. आम्ही भेटायला गेलो. ती ओसरीवर बसली होती, खूप बारीक झालेली. रडली नाही. माझ्या मुलीला जवळ घेतलं, तिला पोहे दिले. मग मला म्हणाली, "पोरी, त्याईचा फोटू मोठा करून देशीन काय?"

स्टुडिओत हे काम मी लहानपणापासून पाहिलं होतं. माणूस गेला की घरचे एखादा घोळक्यातला फोटो आणतात, अब्बा त्यातून तेवढा एक चेहरा काढून मोठा करतात, मागची सगळी माणसं पुसून टाकतात. मी तिला म्हणाले, "तो खोपडीचा फोटो चांगला आहे. त्यातून एकट्या भाऊंचा काढून देते."

"एकट्याचा नोको," ती म्हणाली. "एकटे कवा बसले ते? खोपडीसकट दे. मी बी राहू दे."

"आणि हे?" मी नवऱ्याकडे बोट केलं.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. "तुया नवऱ्याले बी राहू दे. बसला हाय ना बिचारा."

अब्बांनी तो प्रिंट स्वतः केला, मोठ्या कागदावर, आणि चौकट लावून दिली. मी तो गावी नेऊन पोचवला. नंतर एकदा गेले तेव्हा तो ओसरीच्या भिंतीवर, दारातून आत येणाऱ्याला आधी दिसेल असा लावलेला होता. शेजारच्या घरांत गेलेल्या माणसांच्या फोटोंना हार होते, याला नव्हता. मी चौकटीकडे पाहिलं. तिच्या ते लक्षात आलं.

"हार नाई घालत मी त्याले," ती म्हणाली. "आमी दोघं जिते हावो ना त्यात."